अणुऊर्जा परत येते आहे, पण कोणाच्या खर्चाने?

अणुऊर्जेला पुन्हा चांगले दिवस आलेत, असं गेली दोन-तीन वर्षं सतत कानावर पडतंय. ही बातमी अर्धी खरी आहे. २०२४ मध्ये जगातल्या अणुभट्ट्यांनी मिळून जेवढी वीज तयार केली, तेवढी त्याआधी कुठल्याच वर्षी केली नव्हती. पण १९९०च्या दशकाच्या मध्यावर जगाच्या एकूण विजेत अणुऊर्जेचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास होता आणि आज तो जेमतेम ९ टक्के आहे. अणुऊर्जा जवळजवळ जागच्या जागी राहिली आणि विजेचं जग तिच्याभोवती दुप्पट झालं.

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून जास्त देशांनी जाहीर केलं की २०५० पर्यंत जगाची अणुऊर्जा क्षमता तिप्पट करायची. पुढच्या वर्षी ही यादी ३१ देशांवर गेली. जाहीर करायला काही लागत नाही. तिप्पट करायला काय लागतं आणि ते आतापर्यंत का जमलं नाही, हे समजून घेतलं तर रोजच्या बातम्यांचा गुंता बराच सुटतो. माझ्या मते यात भौतिकशास्त्र थोडं आणि सावकारी जास्त आहे.

तरी भौतिकशास्त्रापासूनच सुरुवात करावी लागते. युरेनियम-२३५ या प्रकारच्या अणूवर न्यूट्रॉन आदळला की तो फुटतो, उष्णता बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे अणू फोडतात. या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. वाफेच्या पुढचा सगळा कारभार कोळशाच्या वीजकेंद्रासारखाच. धूर नाही आणि कार्बन नाही, हा फरक सगळ्यांना माहीत असतो. दुसऱ्या फरकाबद्दल कमी बोललं जातं: अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही. साखळी थांबते, पण फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतः किरणोत्सर्गी असतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या ६ ते ७ टक्के असते आणि एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. आकडा छोटा वाटतो, पण ३,००० मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. तेवढी उष्णता बाहेर काढली नाही तर इंधन वितळतं.

११ मार्च २०११ ला फुकुशिमात नेमकं हेच झालं. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप आणि व्यवस्थित बंद झाल्या होत्या. त्यानंतर त्सुनामीचं पाणी आत शिरलं, डिझेल जनित्रं बुडाली आणि पाणी फिरवणारे पंप थांबले. युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाची काळजीही याचसाठी आहे. युरोपातलं हे सर्वांत मोठं अणुवीजकेंद्र मार्च २०२२ पासून रशियन सैन्याच्या ताब्यात आहे आणि त्याच्या सहाही अणुभट्ट्यांनी सप्टेंबर २०२२ पासून वीज दिलेली नाही. तरीही पंप चालू ठेवायला बाहेरून वीज लागतेच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जवळपास महिनाभर बाहेरच्या सगळ्या वाहिन्या तुटल्या होत्या आणि केंद्र डिझेलवर तगून होतं.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेला पर्याय ठेवावा लागतो, त्या पर्यायालाही पर्याय लागतो आणि हे सगळं जाड काँक्रीटच्या कवचात बसवावं लागतं. प्रत्येक जोडाची तपासणी आणि कागदपत्रं आलीच. मिळालेल्या विजेच्या हिशोबाने पाहिलं तर अणुऊर्जेने कोळशाच्या तुलनेत फार कमी माणसं मारली आहेत, हे खरंच आहे. पण ही सुरक्षितता फुकट येत नाही आणि मुख्य म्हणजे झटपट येत नाही.

व्याजाचं गणित

अणुवीजकेंद्राचा बहुतेक खर्च पहिली युनिट विकण्याआधीच होऊन जातो. गॅसच्या केंद्राचं उलट असतं. ते बांधायला स्वस्त, मग आयुष्यभर इंधनाचं बिल भरायचं. अणुभट्टीचं इंधन त्या मानाने स्वस्त पडतं, पण बांधकामासाठी प्रचंड कर्ज काढावं लागतं आणि बांधकाम चालू असताना ते कर्ज वाढतच असतं.

एक काल्पनिक हिशोब करू. बांधकामाचा निव्वळ खर्च १०,००० कोटी आहे, तो दरवर्षी सारखा होतो आणि व्याज ९ टक्के आहे. काम पाच वर्षांत संपलं तर वीज सुरू होईपर्यंत डोक्यावर साधारण १२,५०० कोटींचं कर्ज असतं. तेच काम पंधरा वर्षं रेंगाळलं तर २०,००० कोटींच्या वर. सिमेंट तेवढंच, लोखंड तेवढंच, माणसांची मजुरीही वाढली नाही असं धरलंय. तरी खर्च दीडपटीहून अधिक. प्रत्यक्षात मजुरीही वाढते, आराखडे बदलतात, बसवलेलं काढून परत बसवावं लागतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात व्होगल केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीचं हेच झालं. सुरुवातीचा अंदाज होता १४ अब्ज डॉलर. शेवटचा आकडा ३५ अब्जांच्या घरात गेला. दोन्ही भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या, ठरल्यापेक्षा सात वर्षं उशिरा. मधल्या काळात, मार्च २०१७ मध्ये, त्यांची रचना करणारी वेस्टिंगहाउस कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शेजारच्या साउथ कॅरोलायनातला तसाच प्रकल्प अर्धवट सोडून द्यावा लागला. फ्रान्सची फ्लामाँव्हिल-३ ही भट्टी २००७ मध्ये सुरू झालेलं काम घेऊन डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली गेली, ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांवर गेला होता. फिनलंडची ओल्किलुओटो-३ २००९ मध्ये सुरू होणार होती, नियमित वीज द्यायला लागली एप्रिल २०२३ मध्ये.

हे अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये का झालं? दोन्ही देशांनी १९७० आणि ८०च्या दशकांत डझनावारी भट्ट्या बांधल्या होत्या. पण मग थांबले. तो वेल्डर, तो फोरमन, तो पुरवठादार निवृत्त झाला. वीस-पंचवीस वर्षांनी नवा आणि आधीपेक्षा गुंतागुंतीचा आराखडा घेऊन नवखी माणसं उभी राहिली, तीही आराखडा पूर्ण व्हायच्या आत.

आता चीनकडे पाहा. तिथे साधारण तीस अणुभट्ट्यांचं बांधकाम चालू आहे आणि २०२२ पासून सरकार दरवर्षी दहाच्या आसपास नव्या भट्ट्यांना मंजुरी देतंय. पाच-सहा वर्षांत एक भट्टी उभी राहते. यात काही जादू नाही. सरकारी कंपनीला सरकारी बँकेचं स्वस्त कर्ज, आणि तोच आराखडा, तेच कारखाने, तीच माणसं पुन्हा पुन्हा. नवखेपणाची किंमत चीननेही मोजली आहे: सानमनची पहिली अमेरिकी आराखड्याची भट्टी २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षं रखडली होती. दक्षिण कोरियाने हाच धडा संयुक्त अरब अमिरातीत वापरला. बराका इथे एकाच आराखड्याच्या चार भट्ट्या एकापाठोपाठ बांधल्या आणि आज या भट्ट्या अमिरातीची सुमारे पाव वीज देतात. दक्षिण कोरियाच्याच केएचएनपी कंपनीने जून २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या दुकोवानीचं काम मिळवलं.

(चीनबद्दल एक गोष्ट हमखास विसरली जाते. इतकं बांधूनही चीनच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा ५ टक्क्यांच्या आत-बाहेरच आहे. सौर आणि पवनऊर्जा तिथे त्याहून कितीतरी वेगाने वाढतेय.)

धोका कोणाच्या गळ्यात

गेल्या काही वर्षांतल्या अणुधोरणाच्या बहुतेक घडामोडी एकाच प्रश्नाभोवती फिरतात. काम लांबलं तर जादा खर्च कोणी सोसायचा?

ब्रिटनने याची दोन उत्तरं देऊन पाहिली. हिंकली पॉइंट सी या प्रकल्पात सगळा धोका बांधणाऱ्यावर टाकला. केंद्र सुरू झाल्यावर ठरावीक दराने वीज घेऊ, तोपर्यंत तुमचं तुम्ही पाहा. फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीला हा सौदा फार महागात पडला. नव्या सायझवेल सी प्रकल्पात ब्रिटनने पद्धत बदलली. जुलै २०२५ मध्ये ३८ अब्ज पौंडांच्या या प्रकल्पावर शिक्कामोर्तब झालं. त्यात सरकार स्वतः सर्वांत मोठं भागधारक आहे आणि ग्राहकांच्या बिलात बांधकाम चालू असतानाच थोडी थोडी रक्कम धरली जाते. त्यामुळे गुंतवणूकदाराचा धोका कमी होतो आणि व्याज उतरतं. पण धोका नाहीसा होत नाही, तो बिल भरणाऱ्याकडे सरकतो. हे उघडपणे सांगितलं तर मला त्यात गैर काही वाटत नाही. पण ते सहसा उघडपणे सांगितलं जात नाही.

जागतिक बँकेचा जून २०२५ चा निर्णयही याच खात्यात जातो. अणुवीज प्रकल्पांना कर्ज न देण्याचं धोरण तिने सोडलं. त्याआधी तिने आपल्या इतिहासात अणुवीजकेंद्रासाठी एकदाच कर्ज दिलं होतं, १९५९ मध्ये, इटलीला. गंमत अशी की इटलीने १९८७ च्या सार्वमतानंतर अणुऊर्जाच सोडली आणि आता तिथलं सरकार तिला परत आणण्याच्या खटपटीत आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मे २०२५ मध्ये चार आदेश काढले: २०५० पर्यंत अणुऊर्जा क्षमता १०० वरून ४०० गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे १,००० मेगावॉट), २०३० पर्यंत दहा मोठ्या भट्ट्यांचं बांधकाम सुरू, आणि नियामकाने परवान्याचा निर्णय १८ महिन्यांत द्यायचा. परवाना लवकर मिळाला तर वेळ वाचेल. पण व्होगलचा उशीर परवान्यामुळे कमी आणि बांधकामाच्या गोंधळामुळे जास्त झाला होता, त्यामुळे या आदेशांवर फार भिस्त ठेवता येत नाही.

जी बांधून झाली, तीच स्वस्त

कर्ज फिटलेली जुनी भट्टी मात्र सोन्याचं अंडं देते. म्हणून सध्याच्या 'पुनरागमना'चा मोठा भाग नवं बांधण्याचा नसून जुनं बंद न करण्याचा आहे. अमेरिकेत ४० वर्षांचे परवाने ६० वर्षांवर गेले, काहींचे तर ८० वर. बेल्जियमने २००३ चा अणुऊर्जा सोडण्याचा कायदा मे २०२५ मध्ये रद्द केला आणि दोन भट्ट्यांना दहा वर्षांची मुदतवाढ दिली. कॅलिफोर्नियानेही डायब्लो कॅन्यनचं बंद होणं पुढे ढकललं.

त्यातच माहिती तंत्रज्ञान कंपन्या आल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना चोवीस तास वीज लागते आणि अमेरिकी अणुभट्ट्या वर्षातला ९० टक्क्यांहून जास्त काळ पूर्ण क्षमतेने चालतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने वीस वर्षं वीज घेण्याचा करार केला तो पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्राच्या पहिल्या युनिटसाठी. १९७९ च्या अपघातातलं युनिट दुसरं होतं. पहिलं २०१९ पर्यंत चालू होतं आणि परवडत नाही म्हणून बंद झालं होतं. मिशिगनचं पॅलिसेड्स आणि आयोवाचं डुएन अर्नोल्ड या बंद पडलेल्या केंद्रांचंही पुनरुज्जीवन चालू आहे. पण मोडीत न काढलेली अशी बंद केंद्रं मोजकीच आहेत. डेटा सेंटर दोन-तीन वर्षांत उभं राहतं, नवी अणुभट्टी त्यापुढे बरीच वर्षं घेते, आणि ही फट बहुधा गॅसच भरून काढेल.

जर्मनी उलट्या दिशेने गेला. १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद झाल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गुंडरेमिंगन केंद्राचे शीतमनोरे स्फोटाने पाडलेसुद्धा. कोळसा चालू ठेवून चांगल्या स्थितीतल्या अणुभट्ट्या आधी बंद करणं, हा क्रम मला आजही कळलेला नाही. तैवानने मे २०२५ मध्ये शेवटची भट्टी बंद केली. ऑगस्टमधल्या सार्वमतात ती पुन्हा सुरू करावी असं मतदान करणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी सांगितलं, पण एकूण मतदारांच्या एक चतुर्थांश होकार लागतात, तेवढे पडले नाहीत. जपानमध्ये अपघाताआधी ५४ भट्ट्या होत्या. त्यांतल्या चौदा २०२४ अखेरपर्यंत पुन्हा चालू झाल्या. जगातलं सर्वांत मोठं केंद्र काशिवाझाकी-कारिवा पुन्हा सुरू करायला निगाता प्रांताच्या गव्हर्नरांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये संमती दिली. या केंद्राची मालक टेप्को, म्हणजे फुकुशिमाचीच कंपनी.

लहान भट्ट्यांचं स्वप्न

मोठी भट्टी जागेवर बांधताना गोंधळ होतो ना, मग ती लहान करा, कारखान्यात बनवा आणि ट्रकवर घालून न्या. 'एसएमआर', म्हणजे लहान मॉड्युलर अणुभट्टी, ही कल्पना इतकीच. साधारण ३०० मेगावॉटपर्यंतच्या भट्टीला हे नाव देतात.

कल्पना चांगली आहे, पण तिला एक जुनं गणित आडवं येतं. भट्टी अर्ध्या आकाराची केली म्हणून खर्च अर्धा होत नाही. पहारा, नियंत्रण कक्ष आणि परवान्याचा सोपस्कार हे लहान भट्टीलाही जवळजवळ तेवढेच लागतात. एकसारख्या पुष्कळ बनवल्या तरच किंमत उतरेल. पण किंमत उतरल्याशिवाय पुष्कळ कोण मागवणार? अमेरिकेतल्या न्यूस्केल कंपनीचा पहिला प्रकल्प याच कोंडीत अडकला. विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला, ग्राहक नगरपालिका मागे हटल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला.

सध्या नजर ठेवावी ती कॅनडाच्या डार्लिंग्टनवर. ओंटारियो प्रांताने मे २०२५ मध्ये तिथे ३०० मेगावॉटच्या चार भट्ट्यांना हिरवा कंदील दाखवला, एकूण खर्च सुमारे २१ अब्ज कॅनेडियन डॉलर. हे स्वस्त मुळीच नाही. पण चारही एकाच आराखड्याच्या आहेत, म्हणून चौथी पहिलीपेक्षा किती स्वस्त पडते ते पाहता येईल, आणि एसएमआरचा निकाल त्या एका आकड्यावर आहे. रशियाची तरंगती 'अकादेमिक लोमोनोसोव' २०२० पासून पेवेक बंदरात वीज देतेय, चीनची शिदाओवानची वायूने थंड होणारी भट्टी २०२३ अखेर व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाली. दोन्हींनी तंत्र चालतं हे दाखवलं, किमतीचं मात्र अजून काही सिद्ध झालेलं नाही.

इंधनाची चावी

खाणीतल्या युरेनियमच्या १,००० अणूंत कामाचे, म्हणजे युरेनियम-२३५ चे, फक्त ७ असतात. बाकी ९९३ युरेनियम-२३८. बहुतेक भट्ट्यांना ३ ते ५ टक्के शुद्धतेचं इंधन लागतं. ढोबळ हिशोबाने, ७ अणूंचं प्रमाण ५ टक्के व्हायला त्यांच्यासोबत १३३ नको असलेले अणू उरले पाहिजेत, म्हणजे ८६० काढून टाकायचे. २० टक्क्यांना २८ उरतात. बॉम्बच्या दर्जाच्या ९० टक्क्यांना जेमतेम एक. म्हणजे वीजकेंद्राच्या इंधनापर्यंत येईतोवर बॉम्बचं बहुतेक काम होऊन गेलेलं असतं आणि दोन्ही कामं त्याच सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे प्रचंड वेगाने फिरणाऱ्या यंत्रांवर, होतात. इराण ६० टक्क्यांपर्यंत गेला तेव्हा जग का हादरलं, ते यातून कळतं: ७ अणूंमागे फक्त चार काढायचे राहिले होते.

नको असलेले अणू काढून टाकण्याच्या या कामाला समृद्धीकरण म्हणतात आणि जगातल्या त्याच्या क्षमतेपैकी सुमारे ४० टक्के रशियाच्या रोसातोम या सरकारी कंपनीकडे आहे. तुर्कस्तानातलं अक्कुयू, इजिप्तमधलं एल दबा आणि बांगलादेशातलं रूपपूर हे प्रकल्पही तीच बांधतेय, बहुतेक ठिकाणी रशियाच्याच कर्जावर. भट्टी, कर्ज आणि इंधन एकाच दुकानात मिळतं आणि मग साठ वर्षं त्या दुकानाशी संबंध ठेवावे लागतात. अमेरिकेने मे २०२४ मध्ये रशियन युरेनियमवर बंदीचा कायदा केला, पण २०२७ अखेरपर्यंत सवलतीची खिडकी उघडी ठेवून. कारण पर्याय तयार नाही. बिल गेट्स यांची टेरापॉवर कंपनी वायोमिंगमध्ये जी नवी भट्टी उभारतेय, तिला २० टक्क्यांच्या आतलं पण नेहमीपेक्षा जास्त समृद्ध इंधन लागतं. ते व्यापारी प्रमाणात रशियाच विकत होता. युद्ध झालं आणि प्रकल्प दोन वर्षं मागे गेला.

खाणींमध्ये कझाकस्तान पहिला. जगातलं सुमारे ४० टक्के युरेनियम तिथून निघतं, पण १९९९ नंतर त्याच्याकडे स्वतःचं एकही अणुवीजकेंद्र नाही. ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात ७१ टक्के लोकांनी ते बांधायला होकार दिला आणि पहिल्या केंद्राचं नेतृत्व गेलं रोसातोमकडेच.

कचऱ्याचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या जितका अवघड मानला जातो तितका नाही. फिनलंडने ओन्कालो इथे ४०० मीटरहून खोल, जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात वापरलेल्या इंधनासाठी कायमची जागा तयार केली आहे. स्वीडननेही जानेवारी २०२५ मध्ये फोर्समार्कला काम सुरू केलं. अमेरिकेचा नेवाडा राज्यातल्या युक्का पर्वताचा प्रकल्प मात्र राजकारणात बुडाला आणि तिथलं वापरलेलं इंधन आजही केंद्रांच्या आवारात पडून आहे. फिनलंडमध्ये गावाने संमती दिली होती, नेवाडाने कधीच दिली नाही.

भारताचा वाटा यात छोटा आहे: साधारण ८,८०० मेगावॉट, एकूण विजेच्या ३ टक्के. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट असं उद्दिष्ट आहे. इथेही अडलं होतं ते धोक्याच्या वाटणीवर. भोपाळची आठवण ताजी ठेवून केलेल्या २०१० च्या कायद्यात, अपघात झाला तर यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय होती आणि त्यामुळे परदेशी कंपन्या दूर राहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा दोन्ही गुंडाळले, खासगी कंपन्यांना वीजकेंद्रं बांधायची आणि चालवायची वाट मोकळी केली आणि पुरवठादारावरची ती तलवार काढून घेतली. करारात तसं लिहिलं असेल किंवा नुकसान मुद्दाम केलं गेलं असेल तरच आता भरपाई मागता येईल.

जैतापूरचा प्राथमिक करार फ्रान्सच्या कंपनीशी डिसेंबर २०१० मध्ये झाला होता, मिळून ९,९०० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांतल्या पहिल्या दोनसाठी, आणि त्या फ्लामाँव्हिलच्याच आराखड्याच्या. दायित्वाची अडचण आता बाजूला झाली आहे. विजेचा दर आणि बांधकाम लांबलं तर वाढणारं व्याज कोणाच्या खात्यात जाणार, हे मात्र कुठलाही कायदा ठरवत नाही. ते करारातच ठरेल, आणि फ्लामाँव्हिलला बारा वर्षं उशीर झाला हे दोन्ही बाजूंना माहीत आहे.